अभावी अक्षता

पूजेच्या विधीत आपल्या पूर्वजांनी एक सोय मोठ्या समजूतदारपणे करून ठेवली आहे. सोळा उपचारांपैकी जो उपचार त्या दिवशी घरात उपलब्ध नसेल, त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात आणि पुढे जावे. वस्त्र नसेल तर अक्षता, अलंकार नसतील तर अक्षता. हे सांगताना गुरुजी आवाज खाली आणत नाहीत. काय नाही ते देवासमोर स्पष्ट उच्चारले जाते, त्याच्या जागी काय वाहिले तेही उच्चारले जाते आणि पूजा उणी ठरत नाही. आयुर्वेदानेही हीच दृष्टी ठेवली. मेदा-महामेदा मिळत नसतील तर शतावरी घ्यावी, काकोली नसेल तर अश्वगंधा घ्यावी, अशी प्रतिनिधी द्रव्यांची यादीच भावप्रकाशात दिलेली आहे. देवघर आणि औषधालय यांच्या जोडीला ज्या तिसऱ्या ठिकाणी हा न्याय पिढ्यानपिढ्या पाळला गेला, ते म्हणजे आपले स्वयंपाकघर. मात्र त्याची यादी कोणत्याही ग्रंथात नाही. ती आपल्या आज्यांच्या आणि आयांच्या हातांत होती.

पर्यायाचा दुसरा चेहराही आपल्या परंपरेत नोंदलेला आहे. महाभारतातील अश्वत्थाम्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. द्रोणाच्या दारिद्र्यामुळे त्या बालकाने दूध कधी पाहिलेच नव्हते. इतर मुलांनी त्याला पाण्यात कालवलेले पीठ दिले आणि ‘दूध प्यालो’ म्हणून तो आनंदाने नाचू लागला, तेव्हा ती मुले त्याला हसली. द्रोणाच्या काळजात हे शल्य कायमचे रुतले. पिठाचे पाणी वाईट होते म्हणून ही कथा आपल्याला अस्वस्थ करते असे मला वाटत नाही. त्या पाण्याला दूध म्हटले गेले, हे त्यातले खरे दुःख आहे. तेच पीठ ताकात आंबवून, शिजवून, ‘बाळा, ही आंबील आहे’ असे सांगून त्याच्यापुढे ठेवले असते, तर कोणाला हसण्याचे कारण उरले नसते. अक्षता आणि अश्वत्थाम्याचे दूध यांतला हा भेद मनात ठेवून मी आपल्या मुलखातील काही पदार्थांकडे पाहते.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी पैनगंगेपलीकडून आली. कोणी वऱ्हाडातून, कोणी चांद्याकडून, कोणी मराठवाड्यातून. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाई. १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले आणि मुधोळचा भाग नांदेडकडून आदिलाबादेत आला. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मुधोळ, भैंसा, बासर निर्मल जिल्ह्यात गेले. बेला, जैनथ आदिलाबादेतच राहिले. इतक्या सीमा घरावरून गेल्या, पण चूल जागची हलली नाही. त्या चुलीवर मात्र, आलेल्या माणसांना मागे सोडलेल्या गावचे सगळेच काही शिजवता आले नाही. जे मिळाले त्यावर भागवावे लागले आणि भागवता भागवता एक वेगळेच पाकशास्त्र उभे राहिले.

त्यात पहिला मान ज्वारीच्या कण्यांना द्यावा लागेल. आमच्या लहानपणी भात हे सणाचे किंवा आजारपणाचे अन्न होते. रोजच्या जेवणाच्या शेवटी भाताची जागा कण्या घेत. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती उखळात कांडायची, सैल झालेला कोंडा सुपाने पाखडून काढायचा, मग जात्यावर भरडून पीठ आणि कण्या वेगळ्या करायच्या. आधणात मीठ घालून मंद आचेवर शिजवलेल्या कण्यांवर ताक घ्यायचे आणि तोंडी लावायला लसणाची चटणी. तेलुगू शेजाऱ्यांच्या घरी असाच पदार्थ गटका म्हणून होत असे आणि आपली आंबील त्यांच्याकडे अंबली होती. आमची आजी, जिला आम्ही सारे मोठी आई म्हणत असू, पाहुण्यांच्या पंगतीतही ‘भात’ हा शब्द कण्यांसाठी वापरू देत नसे. ‘कण्या वाढ’ असेच ती म्हणायची. आईने एकदा एका उन्हाळ्यात मोहाच्या फुलांची गोड पोळी केली आणि परगावच्या पाहुण्यांसमोर तिचा उल्लेख टाळला, तेव्हा मोठी आई म्हणाली, ‘‘सूनबाई, गुळाची नाही, मोहाची आहे, असं सांगूनच वाढ. गोड लागली तर त्यांनाही करता येईल.’’ या वाक्यात संकोच नव्हता आणि मिरवणेही नव्हते. पर्याय सांगून दिला की तो विद्या होतो, हे तिला कोणी शिकवलेले नसावे.

चैत्र-वैशाखात विहिरी खोल जात आणि मळ्यातली भाजी संपे. त्या दिवसांची तजवीज माघ-फाल्गुनापासूनच सुरू होई. मुगाची डाळ भिजवून, आले-मिरची-जिऱ्यासह भरड वाटून, बाजेवर पसरलेल्या धुतलेल्या धोतरावर मुगवड्या घातल्या जात. तीन-चार कडक उन्हे खाल्ली की त्या डब्यात जात आणि भाजी नसेल त्या दिवशी तेलात परतून रश्शात पडत. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवला जाई. गवारीच्या शेंगा, कैरीच्या फोडी यांचेही तेच. मराठवाड्यातून आलेल्या घरांत येसर असे. ज्वारी, गहू, डाळ, धणे हे सारे खमंग भाजून दळलेले पीठ म्हणजे येसर. फोडणीच्या उकळत्या पाण्यात ते सोडले की आमटी तयार होई. दारात अवचित दहा माणसे आली तरी गृहिणीचा चेहरा उतरत नसे, याचे श्रेय येसराच्या डब्याला होते.

पाटवडीचा रस्सा हा या सर्वांत थाटाचा पर्याय. बेसनाचे घट्ट पिठले ताटात थापून त्याच्या वड्या पाडायच्या आणि जो काळा, तिखट, खसखस-तिळाचा रस्सा एरवी मटणासाठी होतो, त्यात त्या सोडायच्या. श्रावणात मांसाहार बंद असलेल्या घरांत आणि मुळात मांस न शिजणाऱ्या घरांतही तो होई. नारळ इथे परका होता. खोबरे बाजारातून मोजके येई. त्याचे काम तीळ, जवस, कारळे आणि शेंगदाणे यांनी केले. भाकरीला तूप नसेल तेव्हा जवसाच्या चटणीत करडईच्या कच्च्या तेलाची धार धरली जाई. आज डॉक्टर जवसाचे गुण सांगतात. आमच्या घरात तो केवळ तुपाचा प्रतिनिधी होता.

हे सारे आपण एकट्याने शोधले असा समज मात्र करून घेऊ नये. मोहाची फुले पहाटे गळतात, ती ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात, वाळवून भाजल्याशिवाय त्यांचा उग्र वास जात नाही, हे ज्ञान राजगोंड आणि कोलाम शेजाऱ्यांचे होते. पावसाळ्याच्या तोंडावर उगवणाऱ्या तरोट्याची कोवळी पाने भाजी म्हणून खावीत आणि त्याच्या बिया भाजून, कुटून कॉफीसारखे पेय करावे, हेही रानाशी नाते असणाऱ्यांकडून आले. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे १९४० च्या दशकात या जिल्ह्यात गोंडांमध्ये राहिले. बाहेरून आलेल्या मराठी व तेलुगू शेतकऱ्यांच्या वस्तीने गोंडांच्या हातच्या जमिनी कशा जात राहिल्या, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. ते वाचताना आपल्यासारख्या घराण्यांतील माणसाला सुखाची झोप लागू नये. आपण त्यांच्या रानात आलो आणि उपाशी राहू नये म्हणून काय खावे, हेही त्यांच्याकडूनच शिकलो. आज उटनूरच्या आदिवासी महिला मोहाच्या फुलांचे लाडू करतात आणि ते आश्रमशाळांतील मुलांपर्यंत जातात. ज्याला आपण साखरेचा पर्याय म्हणून कधीकाळी जवळ केले, ते त्यांच्या घरी पहिल्यापासून अन्नच होते. एका घरचा पर्याय दुसऱ्या घरचे मूळ असते, हे ध्यानात ठेवले तर कृतज्ञता आपोआप येते.

तीच गोष्ट अंबाडीची. अंबाडी वऱ्हाडात होतीच, पण तिला सर्व आंबटपणाची राणी करावी ते तेलुगू शेजारणींनीच. त्यांची पुंटीकूर आपल्या वरणात आली, लोणच्यात आली आणि चिंचेचा साठा संपला की साऱ्या आंबटाचा भार तिच्या एकटीवर पडला. लाल बोंडांचे सरबत उन्हाळ्यात, चटणी वर्षभर. पदार्थांबरोबर शब्दही आले. वरणाला कोणी पप्पू म्हणू लागले, वड्याला गारे. शुद्ध मराठीच्या आग्रही पाहुण्यांना याचे हसू येई. मला मात्र वाटते की भाषेतही ज्या वस्तूचा शब्द आपल्याजवळ नव्हता किंवा हाताशी राहिला नव्हता, तिथे शेजाऱ्याच्या शब्दाची अक्षता वाहून आपण वाक्य पुरे केले. वाक्य मराठीच राहिले.

अस्सल आणि पर्यायी यांच्यातली रेघ आपण समजतो तितकी ठळकही नसते. उपवासाच्या ताटाचेच पाहा. सोवळ्यात केलेली साबुदाण्याची खिचडी आपण किती निःशंक मनाने देवापुढे ठेवतो! साबुदाणा मुळात आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातल्या पिठाचा. दुसऱ्या महायुद्धात त्याची आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून तो करण्याचा धंदा फोफावला. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. त्या खिचडीतले शेंगदाणे, बटाटा आणि मिरचीही अमेरिका खंडांकडूनच आलेली. म्हणजे आपल्या एकादशीच्या ताटात प्रतिनिधीचाही प्रतिनिधी बसलेला आहे आणि विठ्ठलाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. भगर मात्र आपल्या रानातली होती. साबुदाणा वाण्याकडे नसला की तिचा नंबर लागे.

सगळेच पर्याय असे गोड झाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर मिलो आला. ही परदेशातून आलेली तांबूस ज्वारी. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दिलेली आमची आत्या त्या दिवसांच्या आठवणी सांगे. दुष्काळी कामावर मुलांना सुकडी मिळे आणि घरी मिलोची भाकरी. तिचे पीठ चिकट होत नसे, भाकरी थापताना कडा फाटत. आत्या पिठावर उकळते पाणी ओतून आधी उकड काढी, त्यात मूठभर उडदाचे पीठ मिसळी, तेव्हा कुठे भाकरी तव्यापर्यंत धड पोहोचे. ‘‘गिळायची म्हणून गिळली, पण मुलांना हिला ज्वारी म्हणू दिलं नाही. मिलोला मिलोच म्हणा, म्हणजे ज्वारीची चव ध्यानात राहील,’’ असे ती म्हणे. मोठी आई तिचीच आई, तेव्हा बोलण्याची रीतही तीच. पर्यायाचे नाव वेगळे ठेवण्यामागे मूळ वस्तूची जागा रिकामी राखण्याचा विचार होता. ती परत येईल ही आशा त्या रिकाम्या जागेत होती.

पुढे काळाने एक विलक्षण उलटापालट केली. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना आणली. ज्या घरांत भात सणाला होई त्या घरांत तो रोज दोन वेळा होऊ लागला. गरिबाच्या पोटाला आधार मिळाला, हे त्या योजनेचे मोठेपण कोणीही नाकारू नये. कण्या कांडण्याच्या कष्टांतून बायका सुटल्या, हेही तितकेच खरे. पण त्याच सुमारास शिवारही बदलत होते. पूर्वी खरिपाच्या ज्वारीत तुरीची ओळ असे, मूग-उडीद असत, धुऱ्यावर अंबाडी आणि तीळ. एका शेतातून घराचे धान्य, डाळ, तेल, आंबट आणि बैलांचा कडबा निघे. हळूहळू कापूस आणि सोयाबीन यांनी ती जागा घेतली. २००२ नंतर बीटी कापसाने तर फारच. ही दोन्ही पिके घराला पैसा देतात. त्यांच्यातले काहीही शेतातून थेट चुलीवर येत नाही. रब्बीची ज्वारी काही गावांत अजून पेरली जाते, पण खरिपाच्या मिश्र शेताबरोबर पर्यायांची सगळी कोठीच गेली. ज्याच्या शेतात एकच पीक आहे, त्याला ‘हे नाही तर ते’ म्हणण्याची मुभा राहत नाही. त्याला दुकानाशिवाय दुसरा पर्याय नसतो.

आणि आता ज्वारी माघारी आली आहे, पण वेगळ्या वेषात. हैदराबादच्या रस्त्यांवर संध्याकाळी बायका चुली मांडून ज्वारीच्या भाकरी भाजतात आणि मोटारी थांबवून लोक त्या विकत नेतात. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर ती लिहून देतात. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. भात हे स्वप्न आणि कण्या हा त्याचा प्रतिनिधी, अशी आमच्या बालपणीची मांडणी होती. आज शिधापत्रिकेचा तांदूळ ज्वारीच्या जागी शिजतो आहे. तो ज्वारीचा प्रतिनिधी आहे, हे मात्र कोणी म्हणत नाही, कारण काय नाही त्याची आठवण ठेवणारी माणसे कमी होत चालली आहेत.

आत्याची नात अमेरिकेत असते. तिला भाकरीची आठवण अनावर झाली, तेव्हा तिने तिथल्या दुकानातून ग्लूटेनविरहित म्हणून विकले जाणारे ज्वारीचे पीठ आणले. भाकरी फाटू लागली, म्हणून तिने फोनवर विचारले आणि इकडून उत्तर गेले: उकळते पाणी ओत, उकड काढ, मूठभर उडदाचे पीठ मिसळ. भाकरी जमली. दुष्काळात जे धान्य नाक मुरडून खाल्ले, त्याचेच पीठ त्या देशात पणतीच्या पिढीने माहेरच्या ओढीने मळले आणि कामी आली ती आत्याची दुष्काळातली युक्ती. पुढे तिला एका मेक्सिकन दुकानात ‘जमैका’ नावाची लाल वाळलेली फुले दिसली. चाखून पाहते तो आपल्या लाल अंबाडीची बोंडे! तिने त्यांची चटणी केली आणि तसे कळवले. ‘अंबाडीची चटणी केली’ असे तिने लिहिले नव्हते. ‘अंबाडीच्या जागी जमैका घातला, म्हणजे तीच निघाली’ असे तिचे शब्द होते. मोठी आई हे ऐकून प्रसन्न झाली असती.

वस्तू गेल्या तरी ही रीत तेवढी पुढे गेली, आणि माझ्या मते जतन करण्याजोगे तेच आहे. जुन्या पदार्थांच्या नुसत्या कृती लिहून ठेवल्याने फार साधणार नाही, कारण त्यातले कारळे, जवस, करडईचे घाण्याचे तेल उद्या मिळेलच असे नाही. उलट बाजारात पर्यायांचा सुकाळ आहे. तुपासारखे दिसणारे, दुधासारखे दिसणारे, आंब्याचा वास असलेले पण आंबा नसलेले पदार्थ आकर्षक वेष्टनांत मिळतात. ते अश्वत्थाम्याच्या जातीचे आहेत. त्यांत अभाव लपवलेला असतो. आपल्या घरांतल्या पर्यायांनी अभाव लपवला नाही, त्याला नाव दिले आणि त्यावर मेहनत केली. या सीमेवर राहणाऱ्या माणसांना ती सवय फार उपयोगी पडली आहे. राज्य बदलले, शाळेची भाषा बदलली, शेतातले पीक बदलले, तरी काय उणे आहे हे स्पष्ट म्हणून, हाती असलेल्याने वेळ साजरी करता आली.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका अजून बोलत्या असतील, तर त्यांच्याजवळ बसून एक वही करावी. तिच्यात पदार्थाचे नाव लिहिण्याआधी तो कशाच्या ऐवजी होत असे ते लिहावे, ती मूळ वस्तू का मिळत नव्हती ते लिहावे आणि हा पर्याय कोणत्या शेजाऱ्याकडून शिकलो तेही लिहावे, मग ते घर गोंडांचे असो, कोलामांचे असो, तेलुगू असो की मुसलमानांचे. शेवटचा रकाना कोरा सोडावा. पुढच्या पिढीला जे मिळणार नाही आणि त्याच्या जागी ती जे घालील, त्याची नोंद तिने तिच्या हाताने करायची आहे.